डबा, बाटली आणि मक्ता : क्रीडांगणावरच्या अन्नाची जबाबदारी कोणाची?

२९ फेब्रुवारी १९९६ रोजी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केनिया आणि वेस्ट इंडीज यांच्यात विश्वचषकाचा सामना झाला. गुरुवार होता. मी रजा टाकून गेलो होतो. निकाल ठरलेलाच आहे, निदान लाराची फलंदाजी तरी पाहायला मिळेल, एवढीच अपेक्षा होती. प्रत्यक्षात केनियाच्या १६६ धावांपुढे वेस्ट इंडीजचा डाव ९३ धावांत आटोपला आणि क्रिकेटच्या इतिहासातल्या एका मोठ्या उलथापालथीचा मी फुकटचा साक्षीदार झालो.

त्या दिवसाची माझी दुसरी आठवण डब्याची आहे. बायकोने पोळी, मेथीची भाजी आणि लिंबाचे लोणचे असा डबा दिला होता. सोबत पाण्याची बाटली आणि दोन केळी. दारावरच्या हवालदाराने डब्याचे झाकण उघडून पाहिले, बंद केले आणि पुढे जायला सांगितले. माझ्या आजूबाजूला बसलेल्या बहुतेकांकडे असाच डबा होता. जेवणाच्या सुटीत लोणच्याची देवाणघेवाण झाली. पुण्यात काय किंवा मुंबईत काय, सामना पाहायला जाणे म्हणजे डबा घेऊन जाणे, असे आमच्या पिढीने गृहीतच धरले होते.

त्याच स्पर्धेत, जेमतेम दोन आठवड्यांनी, १३ मार्चला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर उपांत्य सामना झाला. भारत हरतो आहे असे दिसताच प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, गॅलरीत आगी लावल्या. शेवटी सामनाधिकारी क्लाइव्ह लॉईड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. आणि याच स्पर्धेत कोकाकोला हे ‘अधिकृत’ शीतपेय होते, तर पेप्सीने या ‘अधिकृत’पणाची टर उडवणारी जाहिरातमोहीम चालवली होती. पुढच्या काळात प्रेक्षकाचा डबा आणि बाटली दाराबाहेर राहू लागली, त्यामागची दोन्ही कारणे त्या एकाच स्पर्धेत दिसली होती. एक कारण सुरक्षेचे, दुसरे विक्रीच्या हक्काचे. पहिले दारावरच्या फलकावर लिहिलेले असते. दुसरे कराराच्या कागदात असते.

डबा गेला याचे मला दुःख आहे, पण हा लेख त्या दुःखाचा नाही. डबा आणि बाटली दारात ठेवून घेतली की आतल्या माणसाच्या भुकेची आणि तहानेची जबाबदारी कोणाकडे जाते, हा माझा प्रश्न आहे. पाच वर्षांपूर्वी माझी भाची मैत्रिणींबरोबर रात्रीचा सामना पाहायला गेली होती. संध्याकाळी सहाच्या सुमारास तिने आतल्या एका टपरीवर पुलाव खाल्ला. दहाच्या आत उलट्या सुरू झाल्या. रात्री आमच्या डॉक्टरांनी सलाईन लावले, ‘बाहेरचं काही खाल्लं होतंस का?’ असे विचारले, आणि दोन दिवसांत ती बरी झाली. तक्रार करावी म्हणून मी विचारपूस केली तेव्हा कळले, की पावती नव्हती, टपरीला नाव नव्हते आणि त्याच टपरीवर खाल्लेल्या बाकीच्यांचे काय झाले हे कळायला मार्ग नव्हता. बहीण म्हणाली, ‘जाऊ दे.’ मी अन्नशास्त्रज्ञ नाही, वकीलही नाही. हिशेबतपासणीत आयुष्य गेले. पण ‘जाऊ दे’ म्हटल्यावर जे जाते ते नेमके कुठे जाते, हे शोधायची खोड त्या धंद्यातूनच लागली.

मक्ता

क्रीडांगणाचा मालक सहसा स्वयंपाक करत नाही. तो विकण्याचा हक्क विकतो. या व्यवहाराला आपल्याकडे जुना, नेमका शब्द आहे : मक्ता. ‘मक्तेदारी’ हा शब्द त्यातूनच आला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसूलवसुलीचे मक्ते दिले जात आणि जास्त बोली लावणारा मक्तेदार ती रक्कम रयतेकडून पिळून काढी, हे आपण इतिहासात वाचलेले असते. मक्त्याचा स्वभाव तेव्हाही हाच होता. देणाऱ्याला ठरलेली रक्कम मिळाली की घेणारा ती कशी उभी करतो, याकडे पाहण्याची त्याला गरज उरत नाही.

क्रीडांगणावरच्या मक्त्याचा आधुनिक अवतार अमेरिकेतला. हॅरी स्टीव्हन्स नावाचा इंग्लंडहून आलेला गृहस्थ १८८०च्या दशकात ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरी बेसबॉल पाहायला गेला. तिथला धावफलकाचा कागद त्याला बेंगरूळ वाटला. चांगला छापील कागद विकण्याचा हक्क त्याने मैदानाच्या मालकाकडून मिळवला आणि त्यावर जाहिराती घेतल्या. कागदाबरोबर शेंगदाणे, पेये, सॉसेजचे पाव असे करत तो न्यूयॉर्कच्या मैदानांपर्यंत पोहोचला. १९३४ साली तो वारला तेव्हा त्याच्या घराण्याचा हा मोठा धंदा झालेला होता. स्टीव्हन्सने खेळाच्या मालकांना एक गोष्ट शिकवली. प्रेक्षक तिकीट काढून आत आला की तीन तास तो दुसरीकडे जाऊ शकत नाही, आणि त्या तीन तासांना किंमत असते.

आज हा मक्ता साधारणपणे तीन तऱ्हांनी दिला जातो. पहिली तऱ्हा ठोक रकमेची : प्रत्येक सामन्याचे किंवा वर्षाचे इतके पैसे भरा आणि विका. दुसरी टक्केवारीची : एकूण विक्रीतला ठरलेला हिस्सा मालकाला द्या. तिसरी व्यवस्थापन शुल्काची : खर्च आणि नफा मालकाचा, चालवणाऱ्याला फक्त मेहनताना. हिशेबतपासनीसाच्या नजरेने पाहिले तर फरक लगेच दिसतो. पहिल्या दोन तऱ्हांत जास्तीचा फ्रीज, हात धुण्याची जास्तीची मोरी, सफाईचा जास्तीचा माणूस हा सगळा खर्च मक्तेदाराच्या खिशातून जातो. मालकाच्या उत्पन्नात त्याने एक पैशाचीही भर पडत नाही. तिसऱ्या तऱ्हेत निदान खर्चाचे कागद मालकाच्या टेबलावर येतात, त्यामुळे काय घेतले आणि काय घेतले नाही हे त्याला दिसते.

एका क्रीडासंघटनेच्या उपाहारगृहाच्या मक्त्याचा कागद काही वर्षांपूर्वी माझ्या नजरेखालून गेला. नऊ पाने होती. अनामत रक्कम, हप्ते, कोणत्या कंपनीचे पेय विकायचे आणि कोणत्याचे विकायचे नाही, फलकांचे आकार, पासांची संख्या, सगळे तपशीलवार. अन्नाच्या सुरक्षिततेविषयी एकच वाक्य : मक्तेदाराने सर्व कायदेशीर परवाने स्वखर्चाने घ्यावेत. एवढ्या वाक्याने संघटनेने हात झटकले होते. पुढे तो मक्तेदार आतल्या जागा छोट्या विक्रेत्यांना देतो, छोटा विक्रेता रोजंदारीवर पोरे आणतो, आणि पुलावाच्या बशीपर्यंत पोहोचेस्तोवर जबाबदारी चार हातांतून गळालेली असते.

यात टपरीवाल्याला खलनायक ठरवणे सोपे आहे, म्हणून त्याची बाजूही ऐकली. सामन्यांच्या वेळी आत जागा घेणारा एक वडापाववाला माझ्या ओळखीचा आहे. तो म्हणाला, ‘साहेब, ठोक पैसे आधी भरावे लागतात. पास तीनच मिळतात. एक तळायला, एक द्यायला, तिसरा माल आणायला. मग पैसे घ्यायला वेगळा माणूस कुठून आणू?’ त्याला विजेचा एकच जोड मिळतो आणि पाणी जारमधून. नोटा मोजणारा हात आणि पाव चिरणारा हात एकच असतो, यामागे त्याच्या सवयींइतकाच त्या तीन पासांचाही हात आहे.

वीस मिनिटांचे गणित

हॉटेलात गिऱ्हाईक दिवसभर येत राहते. क्रीडांगणावर ते एकदम येते. फुटबॉलचे मध्यंतर पंधरा मिनिटांचे, आयपीएलमध्ये दोन डावांमधली विश्रांती वीस मिनिटांची, कसोटीत जेवणाची सुटी चाळीस मिनिटांची. कागदावर मांडून पाहू. समजा, मैदानात ३०,००० प्रेक्षक आहेत आणि त्यांतले एकतृतीयांश मध्यंतरात उठले. म्हणजे १०,००० माणसे. विक्रीच्या खिडक्या १०० धरल्या तर प्रत्येक खिडकीवर १०० माणसे, वेळ १,२०० सेकंद. एका माणसाच्या वाट्याला बारा सेकंद आले. बारा सेकंदांत मागणी ऐकायची, पदार्थ द्यायचा, पैसे घ्यायचे. मध्ये हात धुवायला वेळ कुठला?

या गणिताचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. बारा सेकंदांत काही शिजवता येत नाही. म्हणून सगळे आधी शिजवून ठेवावे लागते. बहुधा अन्न एका मोठ्या स्वयंपाकघरात, कधी मैदानाबाहेर, दुपारीच तयार होते. तिथून टेम्पोने किंवा ढकलगाडीवरून ते टपऱ्यांवर जाते आणि गिऱ्हाइकाची वाट पाहत बसते. म्हणून क्रीडांगणावरच्या अन्नाचा खरा धोका स्वयंपाकापेक्षा वाट पाहण्याच्या त्या तासांत असतो.

पाच आणि साठ

अन्नसुरक्षेतले दोन आकडे प्रत्येकाने पाठ करावेत : पाच आणि साठ. पाच ते साठ अंश सेल्सिअस या पट्ट्यात रोगजंतू वेगाने वाढतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की शिजवलेले अन्न सामान्य तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, गरम अन्न साठ अंशांच्या वर आणि गार अन्न पाचच्या खाली ठेवावे. आपल्या देशाच्या २०११च्या परवाना नियमावलीतली चौथी अनुसूचीही हेच दोन आकडे सांगते. अमेरिकेतले आकडेही जवळपास तेच आहेत.

भाताचे उदाहरण घेऊ, कारण आपल्या मैदानांवर पुलाव आणि बिर्याणी भरपूर खपते. कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू बीजाणूंच्या रूपात असू शकतो. भात उकळला तरी हे बीजाणू मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करवणारे हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणजे टपरीवर वाफाळता पुलाव मिळाला, म्हणून तो सुरक्षित होता असे म्हणता येत नाही. तो दुपारी किती वेळ कोमट होता, हे विचारावे लागते. या विषाने अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. भाचीने सहाला खाल्ले आणि दहाच्या आत उलट्या झाल्या, हे वेळापत्रक त्यात बसते. अर्थात तपासणी झाली नसल्याने यापेक्षा जास्त काही मी म्हणू शकत नाही.

भाताच्या कोमटपणाचा अंदाज यावा म्हणून घरीच एक प्रयोग केला. अन्नात खुपसायचा तापमापक काही शे रुपयांना मिळतो. घरच्या कार्याच्या वेळी पंधरा माणसांच्या पुलावाचे पातेले झाकून ओट्यावर ठेवले. चार वाजता शिजलेला भात साडेसहाला मध्यभागी साठच्या खाली आला. रात्री साडेदहाला मोजला तेव्हाही तो ४१ अंश होता, म्हणजे चार तास नेमका धोक्याच्या पट्ट्यात. मोठे पातेले लवकर निवत नाही हे घरातल्या बाईला माहीत असते. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. (तो भात आम्ही टाकून दिला. त्यावरून मी बोलणीही खाल्ली.)

भाताखेरीज आणखी तीन वाटा सांगतो. मटणाचा रस्सा किंवा चिकनची ग्रेव्ही मोठ्या भांड्यात सावकाश निवली तर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स वाढतो. त्याचा त्रास सहा ते चोवीस तासांनी सुरू होतो. हाताला जखम किंवा गळू असलेल्या माणसाने सँडविच केले तर स्टॅफिलोकॉकसचे विष तयार होऊ शकते. तेही उष्णतेला दाद देत नाही. आणि ज्याला स्वतःला जुलाब-उलट्या होत आहेत असा माणूस रोजंदारी बुडू नये म्हणून कामावर आला, तर नोरोव्हायरस पसरतो. २०१८च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये या विषाणूमुळे सुमारे १,२०० सुरक्षारक्षकांना कामावरून बाजूला करावे लागले आणि त्यांच्या जागी ९०० सैनिक आणावे लागले. एवढी मोठी व्यवस्थाही त्यापुढे लंगडी पडली.

बर्फाचा मुद्दाही याच ओळीतला. शीतपेयात पडणारा बर्फ आणि मासळी किंवा बाटल्या गार ठेवायचा बर्फ दिसायला सारखाच. म्हणून महाराष्ट्रात २०१८ साली खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याची सक्ती झाली. साधा, स्वस्त आणि डोळ्यांना दिसणारा हा उपाय आहे. प्रेक्षकाला स्वतः तपासता येईल अशी अन्नसुरक्षेची दुसरी खूण शोधूनही सापडत नाही.

पांगलेली पंगत

लग्नाच्या जेवणातून बाधा झाली तर दुसऱ्या दिवशी सकाळी गावभर कळते. पंगतीला बसलेले एकमेकांना ओळखत असतात. मामा काकाला फोन करतो, ‘तुमच्याकडे कोणाला काही झालं का?’ दुपारपर्यंत संशय बासुंदीवर येऊन थांबतो. क्रीडांगणावरची पंगत तीस हजारांची, पण अनोळखी माणसांची. सामना संपताच ती तीस हजार वाटांनी पांगते. कोणी लोकल पकडतो, कोणी रात्रीच्या एसटीने नगरला जातो. त्रास चार तासांनी होईल, चोवीस तासांनी होईल, कावीळ असेल तर पंधरा ते पन्नास दिवसांनी होईल. प्रत्येकाचा डॉक्टर वेगळा, गाव वेगळे. प्रत्येकाला वाटते की आपलेच पोट बिघडले.

कायद्याला ही अडचण दिसली नाही असे नाही. २००६च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याच्या ३५व्या कलमात, अधिसूचना काढून डॉक्टरांना विषबाधेची प्रत्येक घटना ठरावीक अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक करण्याची तरतूद आहे. ६५व्या कलमात नुकसानभरपाई आहे : मृत्यू झाल्यास किमान पाच लाख, गंभीर इजा झाल्यास तीन लाखांपर्यंत, इतर इजेसाठी एक लाखापर्यंत. पण भरपाई मागायची तर कोणी विकले हे सांगता आले पाहिजे. १ जानेवारी २०२२पासून पावतीवर विक्रेत्याचा चौदा आकडी परवाना क्रमांक छापणे आवश्यक झाले. क्रीडांगणावर अडते ते इथेच, कारण त्या बारा सेकंदांत पावती मागणार कोण आणि देणार कोण?

मे २०२४मध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर आयपीएलचा सामना पाहताना तिथले जेवण जेवलेला एक तरुण प्रेक्षक कोसळला. त्याच्या तक्रारीवरून पोलिसांनी व्यवस्थापन आणि उपाहारगृहचालकाविरुद्ध गुन्हा नोंदवला. वर्तमानपत्रांनी बातमी छापली. तो आतच कोसळला म्हणून हे झाले. घरी पोहोचून कोसळला असता तर त्याची गत माझ्या भाचीसारखीच झाली असती.

नोंद नसली की निरपराधही अडकतो, हेही सांगायला हवे. १९८२ साली कॅलिफोर्नियातल्या माँटेरी पार्क इथे शालेय फुटबॉल सामन्यात काही प्रेक्षकांना मळमळू लागले. शीतपेयाच्या यंत्रावर संशय आला आणि ध्वनिक्षेपकावरून ते पिऊ नका अशी घोषणा झाली. घोषणा ऐकताच लोक धडाधड आजारी पडू लागले. जवळजवळ दोनशे जण रुग्णालयात गेले. पेयात काहीच दोष नव्हता, हे तपासणीत निघाले. आजार घोषणेतून पसरला होता. अन्नाचा नमुना, तापमानाची वही, विक्रीची नोंद या गोष्टी ग्राहकाइतक्याच विक्रेत्यालाही वाचवतात.

नोंदी उघड्या असल्या की काय होते, हे अमेरिकेत दिसले. २०१०मध्ये एका क्रीडावाहिनीच्या पत्रकारांनी उत्तर अमेरिकेतल्या १०७ मैदानांवरच्या टपऱ्यांचे आरोग्य खात्याचे तपासणी अहवाल गोळा केले. त्यांतल्या ३० मैदानांवर निम्म्याहून अधिक टपऱ्यांत किमान एक गंभीर त्रुटी सापडली होती. पुढे २०१८मध्ये पुन्हा तपासले तेव्हाही चित्र फारसे बदललेले नव्हते. इतक्या श्रीमंत देशातही काही मैदानांवर निम्म्याहून अधिक टपऱ्यांत गंभीर त्रुटी निघतात, यापेक्षा मला एक गोष्ट महत्त्वाची वाटली. तो अहवाल कोणाही नागरिकाला मागता येतो, आणि म्हणूनच ही बातमी होऊ शकली.

पाणी

२४ ऑक्टोबर २०२४. पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर भारत-न्यूझीलंड कसोटीचा पहिला दिवस. गॅलरीच्या मोठ्या भागावर छप्पर नाही. ऑक्टोबरचे ऊन. जेवणाच्या सुटीत प्रेक्षकांची गर्दी पाण्याकडे वळली आणि काही ठिकाणचे पाणी संपले. लोकांनी घोषणा दिल्या. आयोजक संघटनेला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. ती कसोटी भारत हरला आणि बारा वर्षांनंतर मायदेशातली मालिका गेली, त्या गदारोळात पाण्याची गोष्ट मागे पडली.

याच्या सतरा वर्षे आधी, १५ सप्टेंबर २००७ रोजी फ्लोरिडातल्या ऑरलँडोमध्ये एका विद्यापीठाच्या नव्या कोऱ्या मैदानाचे उद्घाटन झाले. सगळे होते, फक्त पिण्याच्या पाण्याचा एकही नळ नव्हता. बाटली तीन डॉलरला. उकाडा इतका, की साठेक जणांवर मैदानातच उपचार करावे लागले आणि अठराजणांना रुग्णालयात न्यावे लागले. पुढच्या सामन्याला विद्यापीठाने पाणी फुकट वाटले आणि नंतर नळ बसवले. दोन्ही ठिकाणी दुष्टावा कोणाचाच नव्हता. आराखडा काढताना, मक्ता देताना, ‘पाणी विकायचे आहे’ हे सगळ्यांच्या लक्षात होते. ‘पाणी द्यायचे आहे’ हे कोणाच्याच यादीत नव्हते.

न्यायालयाने मात्र हा प्रश्न शेजारच्या क्षेत्रात सोडवून ठेवला आहे. चित्रपटगृहात बाहेरचे खाद्यपदार्थ नेऊ द्यावेत की नाही, यावर २०१८मध्ये महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. ३ जानेवारी २०२३ रोजी जम्मू-काश्मीरमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की चित्रपटगृहाचा मालक बाहेरचे खाद्य अडवू शकतो. पण त्याच वेळी न्यायालयाने हेही नोंदवले, की प्रेक्षकांना शुद्ध पिण्याचे पाणी मोफत उपलब्ध करून दिले पाहिजे आणि लहान बाळासाठी आणलेले अन्न अडवता कामा नये. अडवण्याच्या हक्काला पुरवण्याचे कर्तव्य चिकटलेले आहे, असा मी त्याचा अर्थ घेतो. चित्रपट तीन तासांचा आणि थंड अंधारातला. कसोटीचा दिवस सात तासांचा आणि उन्हातला. तिथे हे कर्तव्य अधिकच घट्ट चिकटायला हवे. २०२३च्या विश्वचषकाच्या वेळी क्रिकेट नियामक मंडळाने प्रेक्षकांना मोफत पाणी देण्याचे जाहीर केले होते. म्हणजे हे करता येते.

कागदावर काय असावे

सुधारणा म्हटली की खर्च वाढेल, दर वाढतील, असा आक्षेप येतो. अटलांटा शहराने २०१७मध्ये उलटे करून दाखवले. तिथल्या नव्या मैदानावर मालकाने खाद्यपेयांचे दर आधीच्या मैदानाच्या जवळपास निम्मे ठेवले. दर मक्तेदाराने नव्हे तर मालकाने ठरवायचे, अशीच तिथली व्यवस्था होती. पहिल्या हंगामात दर प्रेक्षकामागे खाण्यावरचा खर्च १६ टक्क्यांनी वाढला, कारण लोक लवकर येऊ लागले आणि आत खाऊ लागले. लवकर येणे म्हणजे गर्दी पसरणे, आणि गर्दी पसरली की बारा सेकंदांचे पंधरा-वीस होतात. दर आणि सुरक्षितता यांचा असाही संबंध असतो.

दुसरा धडा कॅन्सस सिटीचा. २०१४मध्ये बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या सुमारास तिथल्या मक्तेदार कंपनीचा अन्नसुरक्षा अधिकारीच छायाचित्रे घेऊन आरोग्य खात्याकडे आणि पत्रकारांकडे गेला. आत सांगून कोणी ऐकत नव्हते, असे त्याचे म्हणणे होते. खात्याने तपासणी केली तेव्हा अनेक गंभीर त्रुटी निघाल्या. कंपनीने त्याला घरी बसवले. जबाबदारी होती, पण टपरी बंद करण्याचा अधिकार नव्हता. आपल्याकडे दर पंचवीस कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा आग्रह आहे. चांगला आहे, पण तो पर्यवेक्षक मक्तेदाराचा पगारी असेल तर त्याचेही कॅन्सस सिटी होणार.

म्हणून माझ्या मते मक्त्याच्या कागदात सहा गोष्टी असाव्यात. एक, प्रत्येक सामन्याला संघटनेने स्वतः नेमलेला अन्नप्रमुख, ज्याला कोणतीही टपरी त्या क्षणी बंद करता येईल. दोन, प्रत्येक टपरीवर तापमापक आणि दर तासाला भरायची वही. तीन, टपरीसाठी पुरेसे पास, म्हणजे पैशाचा हात वेगळा आणि अन्नाचा हात वेगळा राहील. चार, ठळक अक्षरांत टपरीचा क्रमांक आणि परवाना क्रमांक, जेणेकरून प्रेक्षक मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवू शकेल. पाच, प्रत्येक गॅलरीत मोफत पाण्याचे नळ, आणि ते पाणी सुटीच्या गर्दीला पुरेल की नाही याचे आधी मांडलेले गणित.

सहावी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिला जवळजवळ पैसे लागत नाहीत. आज तिकिटे मोठ्या प्रमाणात मोबाइलवरून विकली जातात. पांगलेल्या पंगतीतल्या बहुतेकांचा नंबर आयोजकांकडे असतो. पुढच्या सामन्याच्या जाहिराती त्या नंबरवर येतातच. मग सामन्याच्या दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा एक संदेश का जाऊ नये : काल मैदानावर खाल्ल्यानंतर काही त्रास झाला का? कुठल्या टपरीवर? चाळीस उत्तरे एकाच टपरीकडे बोट दाखवू लागली, की लग्नातल्या मामा-काकांच्या फोनसारखेच काम होईल.

या सहा मुद्द्यांचा एक पानी मसुदा करून मी गेल्या उन्हाळ्यात एका क्रीडासंघटनेच्या कार्यालयात नेऊन दिला. कारकुनाने वाचला. ‘पाण्याचं बरोबर आहे तुमचं,’ म्हणाला आणि आवक शिक्का मारून पोच दिली. उत्तर अजून आलेले नाही. मध्यंतरी भाची पुन्हा एका सामन्याला जाऊन आली. दारात तिची पाण्याची बाटली काढून घेतली, तेव्हा तिने तिथल्या माणसाला विचारले, की आत पिण्याच्या पाण्याचा नळ कुठे आहे? त्याने हाताने कुठेतरी आत दाखवले. तिला तो नळ सापडला. मागचे गिऱ्हाईक कुरकुरत असताना तिने पावतीही मागून घेतली. ती माझ्याकडे ठेवली आहे. तिच्यावर चौदा आकडे आहेत.